कुलंट, जळकं ऑईल आणि बॅक्टेरिया: कॉलेजात तेल-प्रदूषणाचा सिंथेटिक बायोलॉजी प्रोजेक्ट कसा करायचा

गेल्या दोन महिन्यांत तीन कॉलेजांच्या पोरापोरींनी फोन करून मला एकच विचारलं, "दादा, तुम्ही तो तेल खाणाऱ्या बॅक्टेरियाचा प्रोजेक्ट केलेला ना, कसा करायचा सांगा की." प्रत्येकाला तासतासभर सांगून घसा बसला म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतोय. हे वाचा आणि मग फोन करा, चहा तुमच्याकडं.

आधीच सांगतो, आमच्या टीमला बक्षीसबिक्षीस काय मिळालेलं नाही. आयजेम म्हणून जी स्पर्धा आहे, जिच्यासाठी बहुतेक टीम असले सिंथेटिक बायोलॉजीचे, म्हणजे बॅक्टेरियाचे जीन बदलून त्याच्याकडनं काम करून घ्यायचे, प्रोजेक्ट करतात, ती २००३ ला अमेरिकेच्या एमआयटीतला एक छोटा कोर्स म्हणून सुरू झाली, २००४ ला पाच टीमची पहिली स्पर्धा झाली आणि आता फायनल पॅरिसला असते. आमची गाडी बेळगावच्या बाहेर गेली नाही, फीचा आकडा बघूनच सरांनी हात जोडले. पण चुका आम्ही मनसोक्त केल्या, आणि तुमच्या कामाच्या त्याच आहेत.

लॅबमध्ये नंतर जा, आधी शॉपमध्ये जा

आम्ही उलटं केलं. पहिले दोन महिने लॅपटॉप उघडून जीन शोधत बसलो. तेलाचं प्रदूषण म्हटलं की आमच्या डोक्यात समुद्रात फुटलेलं जहाज आणि काळे पक्षी, १९८९ चं एक्झॉन व्हाल्डेझ वगैरे. आता बेळगावात कुठला आलाय समुद्र. इथलं तेल म्हणजे तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडनं उद्यमबागला गेलात की शॉपच्या मागच्या गटारीवर जो सप्तरंगी तवंग दिसतो ते. फाउंड्री, लेथ, सीएनसी, हायड्रॉलिकची कामं, गॅरेज, सगळ्यांचं थोडं थोडं.

शेवटी एका शनिवारी माझ्या मित्राचे मामा जिथं मिस्त्री आहेत त्या शॉपवर गेलो आणि त्यांना म्हणालो, मामा, आम्हाला थोडं ऑईल पाहिजे टेस्टिंगला. मामा हसले. "कुठलं ऑईल? इथं चार तऱ्हेचं आहे. हे बघ, हे कुलंट, मशीनवर काम करताना थंड ठेवायला, दुधागत पांढरं, पाण्यात मिसळतंय. हे हायड्रॉलिकचं. हे गिअरबॉक्सचं. आणि त्या ड्रममधलं जळकं, म्हणजे वापरून झालेलं, सगळ्याचं मिळून. तुला कुठलं पायजे बोल." मग कुलंटच्या टाकीत बोट बुडवून नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "रविवारी मशीन बंद राहिलं की सोमवारी नुसता कुजक्या अंड्याचा वास मारतंय बघ. मग त्यात औषध टाकायचं."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि विसरलो. त्या एका वाक्यात आमचा अख्खा प्रोजेक्ट होता, कळायला पुढं चार महिने गेले.

सोमवारचा वास म्हणजे काय, तर टाकी बंद असली की वर तेलाचा थर साचतो, खाली ऑक्सिजन संपतो आणि बिनऑक्सिजनचे बॅक्टेरिया वाढून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. म्हणजे ते कुलंट खाणारे जीव त्या टाकीत आधीच मजेत राहत आहेत, तुम्ही नवीन काही शोधायला नको. आणि औषध म्हणजे बायोसाइड, बॅक्टेरिया मारायचं. आता विचार करा, तुम्ही तेल ओळखणारा बॅक्टेरिया बनवणार आणि ज्या पाण्यात बॅक्टेरिया मारायचं औषध आहे त्यातच त्याला सोडणार.

तर शॉपमध्ये गेलात की चार गोष्टी विचारा: कुठलं तेल, पाण्यात किती टक्के मिसळता (कुलंट साधारण ५ ते १० टक्के असतं), औषध कधी टाकता, जुनं झालेलं कुठं जातं. डब्याबरोबर सेफ्टी डेटा शीट येते, तिचा फोटो काढून घ्या. आणि शेवटचा प्रश्न विचारताना जरा सांभाळून, पोलिसासारखं विचारलंत तर परत कोणी आत घेणार नाही. वापरलेलं तेल २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट नियमांत येतं, ते परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं असतं, हे मालकांना माहीत असतं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑईल फासायला मागून नेणारेही आहेत, ते आपल्या सगळ्यांच्या घरचेच.

तेल म्हणजे एक वस्तू नव्हे

हे डोक्यात बसवा. तेल म्हणजे कार्बनच्या साखळ्या. पेट्रोलमध्ये साधारण ४ ते १२ कार्बनच्या, डिझेलमध्ये १० ते २० च्या आसपास, आणि लुब्रिकेटिंग ऑईलमध्ये २० च्या पुढं लांबलचक. वर रिंगवाले म्हणजे टोल्युईन, नॅफ्थॅलीन वगैरे वेगळेच. बॅक्टेरियाचे सेन्सर, म्हणजे तेल सापडलं की खूण देणारी त्यांची प्रोटीन, पण तसेच, एकाला एक दिसतं, दुसऱ्याला दुसरं.

इंटरनेटवर सगळ्यात आधी सापडतो तो स्यूडोमोनास पुटिडा या बॅक्टेरियाच्या जीपीओ१ नावाच्या स्ट्रेनमधला, म्हणजे वाणातला, अल्कएस. हे प्रोटीन ऑक्टेनसारखी (८ कार्बनची) साखळी सापडली की पीअल्कबी नावाचा प्रोमोटर, म्हणजे पुढच्या जीनचं बटण, चालू करतं, प्रोमोटरच्या पुढं तुम्ही रंग देणारा जीन लावला की झाला सेन्सर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांच्या टीमनं २०१० च्या आयजेमला अल्केनिव्होर नावाचा प्रोजेक्ट केला होता, तेल ओळखणारा आणि खाणारा ई. कोलाय बॅक्टेरिया, तो जरूर वाचा. पण अल्कएसची नजर साधारण ५ ते १० कार्बनपर्यंत. आमचं हायड्रॉलिक ऑईल २० च्या पुढं. म्हणजे आम्ही पेट्रोल पंपाचा सेन्सर घेऊन लेथवर गेलो होतो!

लांब साखळ्यांसाठी असिनेटोबॅक्टर बेलीचा अल्कआर बघा, त्यावर बनवलेल्या सेन्सरनं ७ पासून ३६ कार्बनपर्यंतचे अल्केन, म्हणजे बिनरिंगच्या साखळ्या, ओळखल्याचं २०१२ ला छापून आलंय. टोल्युईन, झायलीनसाठी टोल नावाच्या प्लाझ्मिडमधला (प्लाझ्मिड म्हणजे बॅक्टेरियातलं डीएनएचं छोटं कडं) झायलआर आणि त्याचा पीयू प्रोमोटर. पेंट शॉप, थिनर असलं काही असेल तर हा. मी आज परत केला असता तर गॅरेज आणि पेंट शॉप धरून झायलआरच घेतला असता, कारण थिनरमधली टोल्युईन-झायलीन पाण्यात ऑक्टेनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतात आणि पेशीपर्यंत पोचतात. ऑक्टेन एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही (०.६६ मिलिग्रॅम, २५ डिग्रीला). वर तरंगत बसलेलं तेल बॅक्टेरियाला दिसत नाही, त्याला विरघळलेलंच दिसतं.

सॅम्पल, आणि आजीची बरणी

सॅम्पल काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यायचं. प्लॅस्टिकला तेल चिकटतं आणि आकडा कमी येतो. बाटली त्याच पाण्यानं विसळायची पण नाही, विसळलं की तेलाचा थर काचेला राहतो आणि आकडा जास्त येतो. एका बाटलीचं सगळं सॅम्पल एकदाच वापरायचं, अर्धं आज अर्धं उद्या चालत नाही. घेतल्या घेतल्या हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि थंड ठेवायचं. पण ही झाली तेलाचं वजन करायची बाटली. सेन्सरसाठी वेगळी बाटली, ॲसिड न घालता, नाहीतर तुमचे बॅक्टेरिया तेलानं नव्हे, ॲसिडनं मरतील (हो, हे पण केलंय आम्ही).

टेस्ट सोपी आहे. एक लिटर सॅम्पल सेपरेटिंग फनेलमध्ये, हेक्झेन घालून हलवायचं, तेल हेक्झेनमध्ये जातं, तो थर सोडियम सल्फेटमधून गाळून पाणी काढायचं, हेक्झेन उडवायचं फ्यूम हूडमध्ये वॉटर बाथवर, आगीजवळ अजिबात नाही, आणि उरलेलं वजन करायचं. गटारीतून ओढ्यानाल्यात म्हणजे इनलँड सरफेस वॉटरमध्ये सोडायच्या पाण्याला तेल आणि ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, सांडपाण्याच्या सार्वजनिक लाइनला २०. आता १० मिलिग्रॅम म्हणजे ०.०१ ग्रॅम. कॉलेजच्या साध्या काट्यावर एवढं वजन म्हणजे शेवटचा आकडा एकदा लुकलुकतो आणि गप्प होतो. ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा ॲनॅलिटिकल बॅलन्स पाहिजे, तो केमिस्ट्री डिपार्टमेंटला असतो आणि चावी एकाच माणसाकडं असते, त्या माणसाशी आधी मैत्री करा.

आता बरणी. आमच्याकडं काचेच्या बाटल्या कमी पडल्या म्हणून मी घरनं आजीच्या लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन आलो, साबणानं तीनदा घासलेल्या. एकीत नळाचं पाणी भरलं ब्लँक, म्हणजे तेल नसलेलं तुलनेचं सॅम्पल, म्हणून. निकाल काय, नळाच्या पाण्यात तेल, तेही मर्यादेच्या वर. दोन दिवस आम्ही पाणीपुरवठ्यावर चर्चा करत बसलो. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीनं झाकणाचा रबर वास घेऊन बघितला. मोहरी, हिंग, मेथी. हेक्झेनला मशीनचं तेल आणि कैरीच्या लोणच्याचं तेल यात फरक कळत नाही. गटारीत पण भजीच्या गाड्याचं तेल येतंच की. त्यासाठी हेक्झेनचा अर्क सिलिका जेलमधून घालवायचा, खाण्याचं तेल आणि चरबी सिलिकाला धरून बसतात, मिनरल ऑईल पुढं निघून जातं. दोन्ही आकडे लिहा, सिलिकाच्या आधीचा आणि नंतरचा. आजीला बरण्या परत दिल्या तेव्हा ती म्हणाली, "आता त्यात लोणचं घालायचं होय रे मी?" नवीन आणून द्याव्या लागल्या.

कधी घ्यायचं सॅम्पल? मिरगाचा पहिला पाऊस चुकवू नका. उन्हाळाभर रस्त्यावर, शॉपच्या दारात, गॅरेजच्या मातीत जे सांडलेलं असतं ते पहिल्या जोराच्या सरीत धुऊन येतं. नंतर जुलैमध्ये आपल्याकडचा पाऊस म्हणजे सगळं पातळ करून टाकतो आणि तुम्ही लिहिणार प्रदूषण नाही. सॅम्पलसोबत तारीख, वेळ आणि आदल्या दोन दिवसांचा पाऊस लिहून ठेवा. येळ्ळूरकडच्या एका काकांच्या बांधावर आम्ही उभे होतो, ते बांधाच्या दगडाकडं बोट करून म्हणाले, "पाणी उतरलं की ही काळी रेघ राहतीय बघ पोरा, नखानं खरवड." खरवडली, नखात काळं चिकट आलं. तो दगडाचा खरवडलेला चुरा आमचं सगळ्यात चांगलं सॅम्पल निघालं, पुढं सांगतो.

सेन्सर बनवताना

चॅसी, म्हणजे सेन्सर ज्याच्यात बसवायचा तो बॅक्टेरिया, म्हणून ई. कोलाय के-१२ घराण्यातला लॅब स्ट्रेन घ्या, डीएच५ अल्फा वगैरे, निरुपद्रवी असतात. प्लाझ्मिड बनवून घेणं, ते बॅक्टेरियात घालणं म्हणजे ट्रान्सफॉर्म करणं, प्लेटवर कॉलनी आली की पीसीआर आणि सिक्वेन्सिंगनं खात्री करणं, हे तुमच्या मॅडम शिकवतील, मी त्यात वेळ घालवत नाही. डीएनए मागवायला उशीर करू नका एवढंच.

रिपोर्टर, म्हणजे तो रंग देणारा जीन, मात्र नीट निवडा. सगळे जीएफपी घेतात, हिरवं चमकतं, फोटो भारी येतो. आम्ही पण घेतला. पहिल्याच दिवशी कुलंट घातलेली ट्यूब यूव्हीखाली धरली तर अशी चमकली की आम्ही ओरडलो, लॅबमध्ये नाचलो, सरांना बोलवून आणलं. सरांनी विचारलं, बॅक्टेरिया न घालता नुसतं कुलंट धरून बघितलंत काय? धरलं. ते पण चमकलं. वापरलेल्या तेलातले रिंगवाले पदार्थ स्वतःच यूव्हीखाली चमकतात, काही कुलंटमध्ये रंगच तसला असतो. म्हणून तेलाच्या कामात चमकणारा रिपोर्टर घेऊ नका. अमिलसीपी घ्या, कोरलमधलं निळं-जांभळं प्रोटीन, साध्या उजेडात डोळ्यांनी दिसतं, सेंट्रिफ्यूज केलं की खाली निळा गोळा बसतो. शॉपमधल्या मामांना दाखवायला पण तेच बरं, यूव्ही टॉर्च लागत नाही.

चालवायची पद्धत अशी: रात्रभर वाढवलेलं कल्चर १:१०० पातळ करायचं, ओडी, म्हणजे कल्चर किती गढूळ झालंय त्याचा आकडा, ०.४ च्या आसपास आला की सॅम्पल घालायचं, मग चार-पाच तास दर तासाला ओडी आणि रंग दोन्ही नोंदवायचं. अमिलसीपीला रंग यायला वेळ लागतो, रात्रभर ठेवून पण बघा. पॉलिस्टायरीनच्या प्लेटमध्ये हायड्रोकार्बन घालू नका, प्लेट पांढरी पडते, काचेच्या ट्यूब वापरा, स्क्रू कॅपवाल्या, नाहीतर ऑक्टेन उडून जातो. पण ट्यूब गच्च भरू नका, वर हवा पाहिजे.

आणि आता कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या ट्यूब. इथं थांबून वाचा.

आमच्या सेन्सरनं गटारीच्या पाण्यात काहीच दाखवलं नाही. पांढरं शुभ्र. आम्ही रिपोर्टमध्ये लिहिलं, या ठिकाणी हायड्रोकार्बन आढळलं नाही. दोन आठवडे तसं पोस्टरवर पण होतं. मग हेक्झेनच्या टेस्टमध्ये त्याच पाण्यात भरपूर तेल निघालं. तेव्हा मला मामांचं औषध आठवलं. ओडी बघितला, वाढलाच नव्हता. आमचे बॅक्टेरिया पाण्यात पडल्या पडल्या मेले होते. मेलेला वॉचमन चोर आला म्हणून ओरडेल कसा. सेन्सर गप्प राहिला तो थोडा त्याची नजर कमी म्हणून, आणि बाकीचं औषधामुळं. सेन्सर गप्प आहे याचे तीन अर्थ होतात, तेल नाही, किंवा सेन्सरला हे तेल दिसत नाही, किंवा सेन्सर मेलाय, आणि नुसत्या पांढऱ्या ट्यूबकडं बघून यातला कुठला ते देवालाही सांगता यायचं नाही.

म्हणून प्रत्येक सॅम्पलबरोबर पाच ट्यूब लावा. एक, सेन्सर आणि स्वच्छ पाणी. दोन, सेन्सर आणि ज्याला तो नक्की ओळखतो ते, अल्कएसला ऑक्टेन किंवा डायसायक्लोप्रोपिल कीटोन, जे खाल्लं जात नाही पण बटण दाबतं. तीन, सेन्सर आणि गटारीचं पाणी, ही तुमची खरी ट्यूब. चार, त्याच गटारीच्या पाण्यात मुद्दाम ऑक्टेन घालून सेन्सर, ही ट्यूब निळी झाली नाही तर पाण्यातच काहीतरी अडवतंय. पाच, कायम निळा राहणारा बॅक्टेरिया, म्हणजे ज्याच्यात अमिलसीपी नेहमी चालू आहे, तो गटारीच्या पाण्यात, हा फिका पडला तर पाणी विषारी आहे. चौथी आणि पाचवी बहुतेक टीम लावत नाहीत, परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतात. आणि खरं सांगू का, पाचव्या ट्यूबनं आमचा प्रोजेक्ट वाचवला, कारण पाण्यात बायोसाइड किती ते आम्हाला त्यातनंच कळलं, तो एक वेगळा सेन्सरच झाला. सॅम्पल १:१०, १:५० पातळ करून परत लावलं तेव्हा बॅक्टेरिया जगले.

साफ कसं करायचं

इथं प्रत्येक टीमला वाटतं आपला सुपर बॅक्टेरिया नाल्यात सोडायचा. नाही सोडायचा. अगदी एक थेंब पण नाही. जनुक बदललेले सूक्ष्मजीव १९८९ च्या नियमांखाली येतात, पर्यावरण संरक्षण कायद्यातले. संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, आयबीएससी, तिच्या माहितीशिवाय लॅबमधलं पण काम करायचं नाही, आणि बाहेर उघड्यावर सोडायचं असेल तर दिल्लीच्या जीईएसी या केंद्राच्या समितीपर्यंत जावं लागतं. तुमच्या कॉलेजात आयबीएससी नसेल तर ज्यांच्याकडं आहे अशा संस्थेबरोबर काम करा, पहिल्या महिन्यातच विचारा.

आणि गंमत बघा, हे स्वप्न जुनं आहे. आनंद चक्रवर्ती, पश्चिम बंगालमधल्या सैंथियाचे, जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी एका स्यूडोमोनासमध्ये वेगवेगळी हायड्रोकार्बन पचवणारी प्लाझ्मिड एकत्र आणली, १९७२ ला पेटंटचा अर्ज, आणि १६ जून १९८० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं निकाल दिला की जिवंत जीवाचं पेटंट मिळू शकतं. केस जगभर गाजली, पण तो बॅक्टेरिया कधी सांडलेल्या तेलावर सोडला गेला नाही. त्याउलट दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर बघा, जनुकात काही बदल नाही, तेलाच्या मातीतनंच निवडलेले बॅक्टेरिया, मक्याच्या कणसाच्या भुकटीवर बसवलेले, आणि ते देशात रिफायनऱ्यांच्या तेलकट गाळावर प्रत्यक्ष वापरलंय. त्यामुळं माझं मत असं की ओळखायचं काम इंजिनिअर केलेल्या बॅक्टेरियाला द्या, बंद ट्यूबमध्ये, आणि खायचं काम इथल्याच बॅक्टेरियाला.

तरी खाणारा जीन पण घालून बघायचा असेल तर नुसता अल्कबी, म्हणजे अल्केन तोडायला सुरुवात करणारा जीन, घालू नका. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे अल्कजी आणि अल्कटी पण लागतात, नाहीतर नुसतं इंजिन आणून ठेवलं आणि डिझेलची पाइप जोडली नाही असं होतं. आमच्या ज्युनियरांनी एक सेमिस्टर तसं घालवलंय.

आता तो काकांच्या बांधावरचा चुरा. तो बुशनेल-हास मीडियममध्ये टाकला, ज्यात क्षार सगळे आहेत पण कार्बन नाही, आणि कार्बन म्हणून फक्त १ टक्का डिझेल. ज्याला डिझेल खाता येतं तोच जगणार. आठवड्यानं त्यातलं थोडं नवीन फ्लास्कमध्ये, असं तीनदा. तिसऱ्या फ्लास्कमध्ये डिझेलचा सलग थर फुटून बारीक थेंब झाले आणि पाणी गढूळ झालं. डीसीपीआयपी नावाचा निळा रंग घातला की जिथं बॅक्टेरिया तेल जाळतात तिथं निळा रंग उडतो, त्यातनं चांगले खाणारे निवडता येतात. निवडलेले स्ट्रेन कोण आहेत ते १६एस (बॅक्टेरियाची ओळख पटवणारा जीन) सिक्वेन्स करून बघा, कारण तेल खाणाऱ्यांत स्यूडोमोनास एरुजिनोसा हमखास सापडतो आणि तो आजारी माणसाला त्रास देणारा आहे. तो निघाला तर बाजूला ठेवा, घरी फोटो दाखवायला प्लेट नेऊ नका.

मग फ्लास्क लावा, २५० मिलीचा, १०० मिली मीडियम, १ मिली तेल, १५० आरपीएम, ३० डिग्री. एक ऑटोक्लेव्ह केलेला, एक नुसता इथल्या बॅक्टेरियाचा, एक त्यांना खत घालून, एक खत आणि चिपाडाचा भुगा घालून. प्रत्येक तीन तीन. ऑटोक्लेव्हवाला का, तर तेल नुसतं उडून जातं, काचेला चिकटतं, आणि तुम्हाला वाटतं बॅक्टेरियानं खाल्लं. खताचं गणित: कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस १००:१०:१ धरतात. १ ग्रॅम तेलात साधारण ०.८५ ग्रॅम कार्बन, त्याला ८५ मिलिग्रॅम नायट्रोजन आणि ८.५ मिलिग्रॅम फॉस्फरस लागतो, म्हणजे साधारण ४० मिलिग्रॅम डीएपी आणि १७० मिलिग्रॅम युरिया. खताच्या तुलनेसाठी बुशनेल-हास नको, त्यात नायट्रोजन, फॉस्फरस आधीच असतं, गाळून ऑटोक्लेव्ह केलेलं नाल्याचं पाणी घ्या. आपल्याकडं चिपाडाला तोटा नाही, कुठल्याही गुऱ्हाळावर मिळतं, वाळवून बारीक करा, तेल धरून ठेवतं आणि बॅक्टेरियाला बसायला जागा होते. आमच्याकडं खतवाले फ्लास्क सरळ पुढं गेले, चिपाडवाल्यांत तेल कमी दिसलं पण अर्धं चिपाडातच शोषलेलं होतं, त्यामुळं चिपाड पण हेक्झेनमध्ये धुऊन मोजा, नाहीतर खोटं यश. अल्केन तोडायला ऑक्सिजन लागतो, म्हणून शेकर बंद पडला की काम बंद. आमच्याकडं एका शुक्रवारी रात्री करंट गेला, तो शनिवारी दुपारी आला, त्या बॅचवर आम्ही पाणी सोडलं. यूपीएस मागा.

तेल फुटून पाण्यात किती मिसळलं ते दाखवणारा इमल्सिफिकेशन इंडेक्स, ई२४, म्हणजे २४ तासांनी फेसाळ थराची उंची भागिले एकूण उंची गुणिले १००, डिझेलसाठी ठीक आहे. कुलंटसाठी लावू नका, त्यात साबण आधीपासूनच असतो, सगळंच फेसाळतं.

थोडं बाकीचं

शॉपमध्ये चिकटवायची माहितीची पाटी मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, काही ठिकाणी हिंदी पण, कारण मशीनवर उभी असलेली पोरं कुठनं कुठनं आलेली असतात आणि डेटा शीट इंग्लिशमध्ये असते, ती कोणीच वाचत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसला अर्ज द्यायचा तर कन्नडमध्ये द्या, आमच्या टीममधल्या चिकोडीच्या मैत्रिणीनं लिहून दिला, कामं सोपी झाली. शेतातनं सॅम्पल घेतलं असेल तर निकाल त्या काकांना आधी सांगा, गावाचं नाव पोस्टरवर टाकायच्या आधी विचारा. भात विकायचं असतं त्यांना, "यांच्या शेतात तेल" असं फिरलं तर भोगावं त्यांना लागतं.

लॅबचा कचरा: इंजिनिअर केलेलं सगळं कल्चर, प्लेटा, टिप्स १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह, मगच बाहेर. पण ज्या फ्लास्कमध्ये हेक्झेन किंवा ऑक्टेन आहे तो ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, पेटेल, ते आधी फ्यूम हूडमध्ये वेगळं काढा आणि राहिलेल्यातले बॅक्टेरिया मॅडमना विचारून मारा. हेक्झेन बेसिनमध्ये ओतायचं नाही, लेबल लावलेल्या काचेच्या बाटलीत जमा करायचं. आणि उरलेलं जळकं ऑईल ज्या शॉपमधनं आणलं तिथल्याच ड्रममध्ये परत नेऊन टाका, मामांना आधी फोन करून, कारण दुपारी दोन ते तीन ते जेवून मशीनमागं झोपलेले असतात.